काट्यामागचा दिवा

अलिबागहून चौल-रेवदंडा मागे टाकून साळावच्या पुलावरून मुरुडकडे जाणारा रस्ता कधी समुद्राला खेटून, कधी नारळी-पोफळीच्या वाड्यांतून, तर कधी डोंगराच्या पायथ्याने जातो. दिवेलागणीनंतर त्याच्या बऱ्याच टप्प्यांवर गाडीच्या हेडलाइटशिवाय दुसरा उजेड नसतो. अशा रस्त्यावर चालकाची नजर दोन ठिकाणी फिरत असते : समोरच्या काळोखावर आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांवर. पुढचे वळण, कडेने चालणारा माणूस, आडवे आलेले जनावर ओळखायला डोळे काळोखाला सरावलेले हवेत. वेग, डिझेल आणि इंजिनाचे तापमान एका कटाक्षात कळायला मात्र काट्यांवर उजेड हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्यांच्यातला तोल सांभाळण्याचे काम मीटरच्या पाठीत बसवलेले तीन-चार लहानसे बल्ब करतात.

रायगडच्या किनाऱ्यावर अजूनही जुन्या जीप, मारुती ८००, ओम्नी, सुमो, मिनीडोअर आणि मालवाहू टेम्पो रोजच्या कामाला जुंपलेले दिसतात. त्यांच्या मीटरमध्ये तारेचे बल्ब असतात आणि वर्षे सरली की तो उजेड पिवळट, मरगळलेला होतो. मग चालक सुट्या भागांच्या दुकानातून एलईडी आणतो. बल्ब स्वस्त असतो आणि काम तासाभराचे असते. पण मीटरमागचे सगळे बल्ब एकाच कामाचे नसतात. काही निव्वळ उजेड देतात, काही वाहनाच्या वीजमंडलाचाच भाग असतात. शिवाय जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड, हा हिशेब रात्रीच्या रस्त्यावर उलटा पडतो. म्हणून आधी प्रत्येक बल्ब ओळखावा, मगच तो बदलावा. या प्रकरणात ती ओळख करून घेऊ.

तारेचा बल्ब का मंदावतो

तारेच्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापते आणि इतकी तापते की प्रकाश देऊ लागते. घेतलेल्या विजेचा फार थोडा भाग उजेड होतो, बाकीची उष्णता होऊन जाते. मीटरमध्ये साधारण १.२ वॉटपासून ५ वॉटपर्यंतचे बल्ब असतात. १२ व्होल्टवर ३ वॉटचा बल्ब पाव अँपिअर वीज घेतो. असे पाच बल्ब असले तर सव्वा अँपिअर.

या बल्बचा एक गुण नीट समजून घेण्यासारखा आहे. व्होल्टेज थोडे घटले तरी त्याचा उजेड खूप घटतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. कारण तार थोडी जरी थंड झाली तरी तिच्या प्रकाशातला मोठा हिस्सा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांकडे सरकतो. उरलेला उजेड तांबूस होतो. जुन्या गाडीतला मीटर पिवळा-तांबूस दिसतो तेव्हा बल्ब म्हातारा झाला असेलच असे नाही. अनेकदा त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नसते.

व्होल्टेज जाते कुठे? बल्बच्या होल्डरमध्ये, जोडणीच्या पत्र्यात आणि सर्वांत जास्त वेळा अर्थच्या वायरीत. सव्वा अँपिअर वाहणाऱ्या मार्गात फक्त एका ओहमचा अडथळा आला तरी एक व्होल्टहून अधिक तिथेच खर्च होतो, आणि मीटरचा पाव हिस्सा उजेड जातो. किनाऱ्यावर हा एक ओहम कसा तयार होतो ते पाहू.

खाऱ्या हवेचे काम

लाटा फुटताना समुद्राच्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. पाणी वाळते आणि मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर गावात येतात. ते पत्र्यावर, तारेवर, काचेवर आणि डॅशबोर्डच्या फटींतून मीटरच्या आतही बसतात. कोरडे मीठ फारसे नुकसान करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. पेण-उरणच्या मिठागरातले खडेमीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून बरीच कमी आर्द्रता असतानाही पाणी धरते. पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्याची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे जोडणीवर पडलेला अदृश्य क्षाराचा थर त्या काळात जवळपास सतत ओला असतो.

ओला क्षार वीज वाहून नेतो. होल्डरची पितळी पट्टी, तिच्यावरचा कथलाचा मुलामा आणि बॉडीचे लोखंड असे वेगवेगळे धातू या ओलाव्यात एकमेकांना टेकले की तिथे एक नकोसा विद्युतघट तयार होतो आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. पितळावर हिरवा थर चढतो, लोखंडावर तांबेरा. हे थर वीज नीट वाहू देत नाहीत. तोच आपला एक ओहम. मांडव्याहून रोरो बोटीतून ये-जा करणारी गाडी असो की आगरदांडा-दिघी जंगलजेट्टीवर रांगेत उभा राहणारा टेम्पो असो, खाऱ्या वाऱ्यापासून सुटका नाही.

इथे एलईडीची एक फसवी बाजू समोर येते. एलईडी इतकी थोडी वीज घेते की गंजलेल्या अर्थमध्येही तिचे व्होल्टेज फारसे घटत नाही. पाच एलईडी मिळून एक दशांश अँपिअर घेत असतील तर एका ओहममध्ये फक्त ०.१ व्होल्ट जाईल. मीटर एकदम उजळेल आणि दुखणे बरे झाले असे वाटेल. पण गंज तिथेच असेल आणि वाढत राहील. डिझेलचा काटा व तापमानाचा काटा बहुधा त्याच अर्थवर चालतात. तिथला अडथळा वाढला की ते चुकीचे आकडे दाखवू लागतात. टाकीत किती डिझेल आहे याचा अंदाज चुकला की रात्रीच्या प्रवासात त्याची किंमत मोजावी लागते.

ओळखायची खूण सोपी आहे. इंजिन चालू असताना पार्किंग लाइट लावावा, मग हेडलाइट, मग इंडिकेटर. दिवा लागताच डिझेलचा काटा सरकला किंवा इंडिकेटरच्या तालावर हलू लागला, तर मीटरचा अर्थ खराब आहे. आधी तो दुरुस्त करावा. अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, बोल्ट घट्ट करावा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. पुष्कळदा एवढ्यानेच जुने बल्ब पुन्हा उजळतात आणि बदलायची गरज उरत नाही. ज्या गाडीत पुराचे पाणी डॅशबोर्डपर्यंत चढून गेले असेल, तिच्यात तर हे काम सर्वांत आधी करायला हवे.

एलईडीची रीत वेगळी

एलईडीत तापणारी तार नसते. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर उतरतात आणि सुटलेली ऊर्जा थेट प्रकाश होते. १९०७ साली हेन्री राउंड यांनी कार्बोरंडमच्या स्फटिकातून असा उजेड येताना पाहिला. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारी एलईडी बनवली. निळी एलईडी मात्र कित्येक दशके हुलकावणी देत राहिली. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते कोडे सोडवले आणि २०१४ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. बाजारातली नेहमीची पांढरी एलईडी मुळात निळी असते, ही गोष्ट पुढे आपल्याला लागणार आहे.

एलईडी स्वतः वीज आवरू शकत नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, लालला २ व्होल्ट. त्याहून थोडे जास्त दिले तरी तिच्यातून वाहणारी वीज भराभर वाढते आणि ती जळते. म्हणून तिच्या ओळीत रोधक लावतात. चालू गाडीत व्होल्टेज १२ नसते. अल्टरनेटर बॅटरी भरत असताना ते १३.८ ते १४.४ च्या आसपास असते, म्हणून हिशेब १४.४ वर करावा. एका ओळीत तीन पांढऱ्या एलईडी असतील तर त्यांना ९.६ व्होल्ट लागतात. उरलेले ४.८ व्होल्ट रोधकाने सोसायचे. वीज २० मिलीअँपिअरवर ठेवायची असेल तर ४.८ भागिले ०.०२, म्हणजे २४० ओहमचा रोधक. मीटरसाठी मिळणाऱ्या बहुतेक एलईडी बल्बांत हा रोधक आतच बसवलेला असतो. तो किती व्होल्टसाठी आहे हे मात्र विचारून घ्यावे. एसटीच्या गाड्या आणि मोठे ट्रक २४ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टची एलईडी तिथे लावली तर लगेच जाते.

दुसरा फरक दिशेचा. बॅटरीचे धन आणि ऋण टोक तारेच्या बल्बला सारखेच. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. उलटी बसली तर ती पेटत नाही. काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवली की काम होते.

तिसरा फरक उजेडाच्या पसरण्याचा. तार चहूकडे प्रकाश टाकते. मीटरच्या आतली पोकळी पांढऱ्या रंगाची असते. त्या भिंतींवरून उजेड परततो आणि सगळ्या आकड्यांवर सारखा पसरतो. साधी एलईडी समोरच्या बाजूला झोत टाकते. परिणामी एका आकड्यावर लख्ख ठिपका आणि शेजारचे तीन आकडे अंधारात. म्हणून मीटरसाठी घेताना बाजूंनाही चिप बसवलेल्या किंवा दुधी टोपीच्या एलईडी घ्याव्यात. आतला पांढरा रंग उडाला असेल तर तो पुन्हा द्यावा.

किती उजेड, कोणता रंग

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. काळोखात दंडपेशींतले संवेदी रंगद्रव्य हळूहळू भरते आणि डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. चालकाच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या हेडलाइटचा उजेड असल्याने तो या पूर्ण अवस्थेला कधी पोचत नाही, मधल्या अवस्थेत असतो. पण त्याही अवस्थेत प्रखर मीटरकडे टाकलेला प्रत्येक कटाक्ष सरावाला थोडे मागे ढकलतो.

दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला, सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीला, सर्वाधिक प्रतिसाद देतात. गडद लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवत नाही. म्हणूनच रात्री समुद्रात जाणाऱ्या नौकांवर होकायंत्राचा दिवा लाल आणि मंद ठेवण्याची रीत आहे. खांदेरीचे दीपगृह १८६७ पासून ज्या खलाशांना वाट दाखवत आले, त्यांना तो दूरचा उजेड हेरायला काळोखाला सरावलेले डोळेच लागत. बोडणी, रेवदंडा किंवा जीवना बंदरातून निघणाऱ्या मच्छीमार नौकेच्या इंजिनाचे मीटर उजळवतानाही हाच नियम लागू पडतो. तांडेलाची नजर बाहेरच्या पाण्यावर असते, तिला आतल्या उजेडाने बाधा होता कामा नये.

आता पांढऱ्या एलईडीकडे पाहू. ती मुळात निळी असते आणि तिच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा उंचवटा असतो. थंड पांढऱ्या, ६००० केल्विनच्या एलईडीत तो जास्त. उबदार पांढऱ्या, २७०० ते ३००० केल्विनच्या एलईडीत कमी. निळा प्रकाश दंडपेशींच्या सरावावर अधिक आघात करतो आणि डोळ्यातल्या भिंगात जास्त विखुरतो. वय वाढते तसे हे भिंग पिवळट आणि धूसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. त्यातच प्रखर निळे मीटर पुढे असले तर आकड्यांभोवती झळाळीचे वलय दिसते आणि आकडाच नीट वाचता येत नाही. किनाऱ्यावर अनेक वर्षे प्रवासी वाहतूक करणाऱ्या अनुभवी चालकांसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. निळ्या रंगाचे मीटर देखणे वाटते, पण रात्रीच्या कामाला ते नको. उबदार पांढरा किंवा नारिंगी रंग निवडावा आणि त्यातही मंद.

आणखी दोन गोष्टी रंगाशी निगडित आहेत. पुष्कळ मीटरमध्ये बल्बवर हिरवी किंवा निळी टोपी असते, किंवा आकड्यांवरच रंगीत पारदर्शक थर असतो. रंगीत थर आपल्या रंगाचाच प्रकाश पुढे जाऊ देतो, बाकीचा शोषतो. तारेच्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात, एलईडीत नसतात. निळसर पांढरी एलईडी लाल किंवा नारिंगी थरामागे बसवली तर फिका, गुलाबीसर उजेड येतो. थराच्या रंगाचीच एलईडी तिथे बसवावी. दुसरी गोष्ट काट्याची. काटा लाल आणि उजेड हिरवा असेल तर काटा काळपट दिसतो. उजेड लाल असेल तर लाल काटा आणि पांढरे आकडे एकाच रंगात मिसळून जातात. म्हणून मीटर पूर्ण जोडण्याआधी खोलीत अंधार करून काटा वाचून पाहावा.

मीटरचा उजेड कमी-जास्त करण्याची चकती असलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. ती चकती म्हणजे बदलता रोधक. तारेच्या बल्बांच्या मोठ्या विजेवर तो व्होल्टेज पाडतो. एलईडीच्या थोड्या विजेवर त्याचा परिणाम नगण्य होतो. चकती फिरवली तरी मीटर तितकाच लख्ख. यावर साधा उपाय म्हणजे सुरुवातीलाच कमी तेजाची एलईडी निवडणे, किंवा एलईडीसाठी बनवलेला नियंत्रक बसवणे. तो वीज दर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतो.

ज्या बल्बांना हात लावण्याआधी थांबावे

चावी फिरवल्यावर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागतो आणि इंजिन चालू होताच विझतो. जुन्या गाड्यांत हा बल्ब निव्वळ खूण नसतो. अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या गुंडाळीला वीज दिल्याशिवाय तिथे चुंबकत्व तयार होत नाही, आणि चुंबकत्वाशिवाय अल्टरनेटर वीज बनवू शकत नाही. ही पहिली वीज बॅटरीतून निघते आणि याच लाल बल्बच्या तारेतून गुंडाळीपर्यंत पोचते. २ ते ३ वॉटचा बल्ब १७० ते २५० मिलीअँपिअर वीज पुढे जाऊ देतो. एलईडी फक्त १०-२० मिलीअँपिअर सोडते. एवढ्यावर अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा इंजिन खूप फिरवल्यावरच जागा होतो. तोपर्यंत हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळे बॅटरीवर चालते आणि बॅटरी उतरत जाते. भर पावसात, म्हसळा-श्रीवर्धनच्या घाटवळणांवर असे होणे धोक्याचे आहे. ज्या गाडीत चार्जिंगचे नियंत्रण संगणकाकडे नाही, तिथला हा बल्ब तारेचाच ठेवावा, त्याच वॉटचा.

इंडिकेटरच्या हिरव्या दिव्याचेही असेच. काही मोटारसायकलींत आणि जुन्या वाहनांत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मीटरमध्ये एकच बल्ब असतो. त्याचे एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरीला, दुसरे उजव्या. डावा चालू असताना वीज डावीकडून उजवीकडे जाते आणि उजव्या बाजूच्या बल्बांतून अर्थ गाठते. उजवा चालू असताना उलट. साधी एलईडी इथे एकाच बाजूला लुकलुकेल, दुसऱ्या बाजूला गप्प राहील. दोन्ही दिशांनी चालणारी एलईडी मिळते, ती घ्यावी किंवा जुना बल्ब तसाच ठेवावा. बाहेरचे २१ वॉटचे इंडिकेटर बल्ब एलईडीने बदलले तर त्यांना लुकलुकवणारा जुना फ्लॅशर एखादा बल्ब उडाला असे समजून ते भराभर लुकलुकवतो. तो वेगळा बदल आहे, मीटरच्या कामात तो मिसळू नये.

ऑइलच्या लाल दिव्यात एलईडी चालते, पण किनाऱ्यावर एक खोड जाणवते. एलईडी एक मिलीअँपिअरलाही मिणमिणते. ऑइलच्या स्विचवर ओला क्षार बसला की त्यातून तेवढी गळती होते आणि दिवा पुसटसा पेटलेला दिसतो. चालकाला खरा इशारा आणि खोटा इशारा यांत फरक करता येणे महत्त्वाचे आहे. इशाऱ्याचे दिवे तारेचेच राहू द्यावेत आणि एलईडी फक्त उजेडाच्या बल्बांना लावावी, ही वाटणी जुन्या गाडीसाठी सर्वांत सुरक्षित आहे. इशाऱ्यांचे रंगही बदलू नयेत. धोक्याला लाल, इंडिकेटरला हिरवा, हेडलाइटच्या लांब झोताला निळा हे संकेत जगभर पाळले जातात. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तरी त्याला ते न सांगता समजले पाहिजेत.

दिवे बदलले तर काटे चुकतील का?

हा प्रश्न रास्त आहे, कारण मीटरचे काटे विजेवर आणि चुंबकावरच चालतात. याचे उत्तर समजायला अलिबागइतकी योग्य जागा नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून जमिनीत जाणारी वीज चुंबकसुईला हलवणार हे उघड होते. तेव्हा नानाभाई मूस यांच्या नेतृत्वाखाली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली. लोखंडासारख्या चुंबकीय वस्तू टाळून तिचे बांधकाम केले गेले. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मोजणीचा सांधा जुळावा. विजेच्या ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावू लागल्या. अलिबागची वेधशाळा आजही काम करते आणि तिच्या अखंड नोंदी जगभरच्या शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात.

वाहती वीज आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि वीज जितकी जास्त तितके ते क्षेत्र मोठे. ट्रामची वीज शेकडो अँपिअरची, आणि वेधशाळेची सुई अतिशय सूक्ष्म बदल टिपणारी. मीटरमध्ये परिस्थिती उलट आहे. केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरमध्ये फिरणारा चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरा-विद्युतप्रवाह निर्माण करतो. वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखते. ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले. त्या चुंबकापुढे मीटरच्या बल्बची वीज क्षुल्लक असते आणि एलईडी तर ती आणखी कमी करते. दिवे बदलल्याने काटे चुकत नाहीत. चुकलेच तर खोलताना काट्याला धक्का लागलेला असतो, केबल नीट बसलेली नसते, किंवा आधी सांगितलेला अर्थचा गंज तसाच राहिलेला असतो.

प्रत्यक्ष काम

कोरड्या दिवसात, शक्यतो मे महिन्यात, हे काम काढावे. पहिल्यांदा बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नये. अशा अलीकडच्या गाड्यांत मीटरच्या एलईडी सर्किटवरच डाखलेल्या असतात, ते काम जाणकार वायरमनकडेच द्यावे. जुन्या गाडीत मीटरभोवतीची चौकट काढावी, मागून स्पीडोमीटरची केबल फिरवून सोडवावी आणि वायरींचे जोड काढण्याआधी मोबाइलवर त्यांचा फोटो घ्यावा.

मीटरच्या पाठीवर प्लॅस्टिकचे लहान होल्डर दिसतील. चतकोर फेरा दिला की ते सुटतात. त्यांच्याखाली तांब्याच्या रेषा छापलेली लवचीक पट्टी असते. ती जुनी झाली की ठिसूळ होते, म्हणून ओढाताण करू नये. प्रत्येक बल्ब कोणत्या कामाचा हे कागदावर लिहून ठेवावे आणि त्याच्यावर छापलेले वॉट पाहावेत. होल्डरच्या पितळी पट्ट्या व तांब्याच्या रेषांचे टेकू पेन्सिल खोडायच्या रबराने हलकेच पुसावेत. क्षार दिसला तर स्पिरिटचा बोळा फिरवावा. पूर्ण वाळल्यावरच एलईडी बसवावी. पट्टीवर घट्ट बसत नसेल तर एलईडीचे पाय किंचित बाहेर वाकवावेत. जोडांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ लेप द्यावा. दमट हवेत तो पाणी अडवतो.

सगळे बंद करण्याआधी बॅटरी जोडून पार्किंग लाइट लावून पाहावा. जी एलईडी पेटत नाही ती उलटी करावी. आकड्यांवर ठिपके पडत असतील तर दुधी टोपीची एलईडी घ्यावी. तारेचा बल्ब मीटरच्या आत थोडी ऊब देत असे. एलईडी ती देत नाही, म्हणून काचेच्या कडेचे रबर फाटलेले असेल तर या वेळीच बदलावे, नाहीतर पावसाळ्यात काच आतून धुरकट होऊ शकते.

बदलल्यावरची तपासणी

चावी फिरवल्यावर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा ठळक लागायला हवा. इंजिन चालू होताच दोन्ही पूर्ण विझायला हवेत, मिणमिणता कामा नये. मल्टीमीटर बॅटरीच्या टोकांना लावून इंजिन मंद गतीत असताना पाहावे. १३.८ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अल्टरनेटर नीट काम करतो आहे. मग दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि चारही बाजूंचे धोक्याचे दिवे लावून पाहावेत. दिवे एकामागून एक लावत गेले तरी डिझेलचा काटा जागचा हलता कामा नये.

शेवटची तपासणी रस्त्यावरची. पथदिवे नसलेल्या भागात दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी. डोळे सरावले की मीटरकडे पाहावे आणि लगेच नजर समोर न्यावी. रस्त्याची कड पूर्वीइतकीच स्पष्ट दिसली, आकडे एका कटाक्षात वाचता आले आणि समोरच्या काचेवर मीटरचे प्रतिबिंब उमटले नाही, तर दिवे योग्य निवडले. कड क्षणभर जरी पुसट झाली, तर उजेड जास्त आहे. एक एलईडी कमी करावी किंवा मंद बसवावी. या बदलातून मिळवायचे आहे ते मीटरचे देखणेपण नव्हे, तर रस्त्यावरची नजर, म्हणून शेवटचा निकालही रस्त्यावरच लावायचा.